डाव्या ब्रेकचा तक्ता

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संचालिकेने सात क्रमांकाचा अर्ज वाचायला घेतला. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती चौथ्या पानावर थांबली, उठली आणि आपल्या खोलीचं दार आतून लावून आली.

चौथ्या पानावर एक छोटा तक्ता होता. कोणत्या व्हीलचेअरचा कोणता भाग किती वेळा बिघडला, याचा. एकशे अठरा खुर्च्या. पुढचं लहान चाक, पाय ठेवायची पट्टी, बैठकीचं कापड, आणि मग ब्रेक : डावा चव्वेचाळीस वेळा, उजवा सतरा वेळा. खाली खुलासा होता. खुर्ची ढकलणारी व्यक्ती बहुधा उजव्या हाताची असते, ती खुर्चीच्या डाव्या अंगाला येऊन उजव्या हाताने ब्रेक ओढते, म्हणून डावा ब्रेक आधी झिजतो.

हे कारण तिने आधी वाचलेलं होतं. तिच्याच अर्जात. आणि ते चूक होतं, हेही तिला माहीत होतं.

संचालिका व्हीलचेअर दुरुस्तीचं एक केंद्र चालवते. केंद्र म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली, दोन कामाची टेबलं, एक मिस्त्री आणि दुरुस्तीसाठी रांगेत उभ्या असलेल्या रिकाम्या खुर्च्या. खुर्ची बिघडली की तिच्यातला माणूस घरातून हलू शकत नाही. मग तो खुर्ची घेऊन केंद्रात येणार कसा? म्हणून तिला एक गाडी हवी होती, अवजारं आणि सुटे भाग घेऊन घरोघर जाणारी. त्या गाडीसाठी तिने एका निधीकडे तीन वर्षं अर्ज केला आणि तिन्ही वर्षं नकार घेतला. निधीचा नियम सरळ होता : एका भागात एका प्रकारच्या कामाला एकदाच अनुदान. म्हणजे सात क्रमांकाचा अर्ज, जो तिच्याच भागातल्या अशाच गाडीसाठी होता, मंजूर झाला तर तिची गाडी कायमची गेली.

परीक्षक होण्याची कल्पना निधीच्या समन्वयक बाईंची. तिसऱ्या नकारानंतर त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमचं काम चांगलं आहे हो, अर्ज वाईट आहे. यंदा लिहू नका. टेबलाच्या या बाजूला बसा आणि दुसऱ्यांचे वाचा. दहा अर्ज तपासलेत की अकरावा आपोआप बरा लिहाल." परीक्षकाला त्या वर्षी अर्ज करता येत नाही. तिने एक वर्ष सोडलं. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलं आणि दोन कागदांवर सह्या केल्या. पहिला कागद गुप्ततेचा : अर्जातलं काही घरीसुद्धा बोलायचं नाही. दुसरा हितसंबंधांचा : अर्जाशी आपला काही संबंध दिसला, तर दिसल्या क्षणी कळवायचं.

बारा अर्ज आले, संस्थांची नावं झाकलेली. सहा निकषांवर प्रत्येकी पाच गुण. पहिले सहा अर्ज वाचताना ती खरंच शिकली. गुणांच्या तक्त्याशेजारी तिने एक वही ठेवली आणि आपण कुठे कंटाळलो ते तिच्यात लिहीत गेली. "दोन : तीन पानं झाली, काय करणार ते अजून कळलं नाही." "चार : 'सर्वांगीण' नऊ वेळा." "पाच : माणूस चांगला वाटतो, पण गाडी चालवणार कोण?" तिसऱ्या अर्जाला आपण कमी गुण दिले ते भूक लागली होती म्हणून, हे तिच्या लक्षात आलं. जेवून तो तिने पुन्हा वाचला आणि दोन गुण वाढवले. परीक्षक लिहिणाऱ्याचा वैरी नसतो, दमलेला असतो, इतकं तिला पहिल्या आठवड्यात कळलं. आपण तीन वर्षं या दमलेल्या माणसाला नवव्या पानापर्यंत चालवत नेलं होतं, हेही कळलं.

सातव्या अर्जाने तिला कुठेच दमवलं नाही, आणि पहिला संशय तिथेच आला. तिला आलेल्या गेल्या वर्षीच्या नकाराच्या पत्रात चार शेरे होते. गरज फार उशिरा मांडली आहे. तक्ता मोठा आहे, वाचवत नाही. गाडीवर कोण असेल ते स्पष्ट नाही. अनुदान संपल्यावर पुढे काय? सातव्या अर्जात गरज पहिल्याच परिच्छेदात होती. तक्ता आठ ओळींचा. गाडीवर कोण, हे तिसऱ्या पानावर. अनुदान संपल्यानंतरचं शेवटच्या पानावर. शेऱ्यांच्या क्रमाने.

तिने आपला जुना अर्ज काढला. एकशे त्रेसष्ट खुर्च्या. डावा ब्रेक एकसष्ट, उजवा तेवीस. भागाकार केला. तिचं प्रमाण दोन पूर्णांक पासष्ट. सातव्याचं दोन पूर्णांक एकोणसाठ. आकडे वेगळे, प्रमाण जवळपास तेच.

आता चुकीबद्दल. अर्ज पाठवल्यावर तिने त्या तक्त्याच्या भरवशावर चाळीस डावे ब्रेक मागवले. चार महिन्यांत उजव्या ब्रेकचा खोका रिकामा झाला आणि डावे मांडणीवर धूळ खात राहिले. तेव्हा उलगडा झाला. मिस्त्री काम करताना खुर्चीच्या समोर बसतो. त्याच्या डाव्या हाताला येतो तो ब्रेक त्याने 'डावा' म्हणून वहीत लिहिला. खुर्चीत बसलेल्या माणसाचा तो उजवा. झिजत होता उजवा ब्रेक, आणि तिच्या अर्जात डावा का झिजतो याचं कारण ऐटीत छापलं होतं. निधीला तिने हे कळवलं नाही. नकार तर आलाच होता, मग उगाच आपली लाज आपण कशाला चव्हाट्यावर आणायची? चूक तिला ठाऊक होती आणि मिस्त्रीला.

मंगळवारी सकाळी साडेनऊला ती मिस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तो एका खुर्चीसमोर बसून चाकात गुंतलेले केस चिमट्याने ओढून काढत होता.

"मिस्त्री, आपली बिघाडाची वही कुणाला दाखवली होतीत?"

"कुणाला म्हणजे? तुम्हाला."

"माझ्याशिवाय."

"तुमच्या दिरांना. तेच तर टाइप करत होते." चिमटा थांबला. "आणि ते निधीवाले साहेब आले होते ना पाहणीला. उंच, बारीक, सगळ्याला 'बरं' म्हणणारे. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो घेतले. दोन-चार."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही चहा सांगायला गेला होता, ताई. आणि साहेब फोटो घेतात त्यात सांगायचं काय? मला वाटलं, आपली कीर्ती पसरतेय."

पाहणीला आलेले साहेब म्हणजे परीक्षक मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त अभियंता. चर्चा लांबली की 'बरं' म्हणून ती संपवतात, म्हणून बाकीचे परीक्षक त्यांना मागून 'पूर्णविराम' म्हणतात.

"एक सांगा," ती म्हणाली, "दुसऱ्या एखाद्या केंद्रातला मिस्त्री तुमच्यासारखंच डावं-उजवं उलटं लिहील का?"

मिस्त्री हसला. "ताई, जगातले सगळे मिस्त्री खुर्चीसमोर बसतात. खुर्चीत बसून ब्रेक दुरुस्त करणारा कुणी असेल तर दाखवा, त्याचे पाय धरीन."

इथे अडचण होती. चूक उचललेली असू शकत होती, किंवा दुसऱ्या कुणी प्रामाणिकपणे स्वतःची केलेली. पण कारणाचं काय? चुकीच्या गोष्टीला दोन माणसांनी एकच चुकीचं कारण द्यावं, हे तिला पटेना.

दीर तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. केंद्रात तो दोन वर्षं होता. तिचा अर्ज त्यानेच टाइप केला होता, नकाराचं पत्र त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्याने काम सोडलं. आता तो निरनिराळ्या संस्थांना अर्ज लिहून देतो. बुधवारी सकाळी तो इस्त्रीचे कपडे न्यायला खाली आला, तेव्हा तिने विचारलं, "भावजी, हल्ली कुणाचं लिहिताय?"

"का? माझे पण गुण काढणार?"

"सहज विचारलं."

"वहिनी, तुम्ही परीक्षक झाल्यापासून सहज काही विचारत नाही. परवा भाजी वाढताना माझ्या ताटाकडे असं बघितलंत, मला वाटलं आता शेरा येणार. 'उद्दिष्ट स्पष्ट, अंमलबजावणी कच्ची.'"

तिला हसू आलं नाही. "नाव सांगायला काय हरकत आहे?"

"करार आहे. नाव सांगायचं नाही. तुमचा नाही का तसाच?" त्याने कपडे काखेत घेतले. "तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगतो."

तो जिना चढून गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. एकतर करार, आणि दुसरं म्हणजे भाऊ त्याचा.

गुण भरायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. सातव्याला तिने आधी सव्वीस लिहिले. ते प्रामाणिक होते. मग एकोणीस केले. मग एकोणीसचं कारण लिहायला बसली आणि लिहिण्यासारखं काही सापडेना, म्हणून रकाना रिकामा केला. दुपारी तीनला तिने समन्वयक बाईंना फोन लावला.

"समजा, एखाद्या अर्जात ओळखीचं काही दिसलं, तर?"

"ओळखीचं म्हणजे माणूस की मजकूर?"

"मजकूर."

बाई म्हणाल्या, "सात नंबरचा का?"

"मी नंबर सांगितला नव्हता."

"अहो, तुमचे अकरा भरून आलेत. सातच राहिलाय, इथे पडद्यावर दिसतंय मला." आवाज साधा होता. "संबंध असेल तर फॉर्म भरा. मग त्या अर्जाच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबाल. आणि काय दिसलं ते पुराव्यासकट लिहावं लागेल. नुसतं वाटलं, असं चालत नाही."

पुरावा म्हणजे तिचाच चुकीचा तक्ता. तो चूक आहे हे लिहायचं, चूक लपवली हेही लिहायचं, आणि मग पुढच्या वर्षी याच लोकांपुढे अर्ज घेऊन उभं राहायचं. शिवाय संशय खोटा ठरला, तर कुणा अनोळखी केंद्राची गाडी आपण हेव्यापोटी अडवली असं होणार. आणि खरा ठरला, तर दीर. तिने फॉर्म उघडला आणि तसाच ठेवला. सातव्याचे गुण चर्चेनंतर देईन, असं कळवलं. तशी सोय होती.

गुरुवारी दहाला बैठक सुरू झाली. लांब टेबल, पाच परीक्षक, समन्वयक बाई कोपऱ्यात टिपणं घेत होत्या. सातवा अर्ज साडेअकराला निघाला. पूर्णविरामांनी चष्मा पुसला.

"उत्तम अर्ज. हा ब्रेकचा मुद्दा बघा. इतकं बारीक निरीक्षण मी आजवर कुठल्या अर्जात वाचलेलं नाही."

संचालिका त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षी तिचा अर्ज त्यांनी तपासला होता. तिच्या वहीचे फोटो त्यांच्याकडे होते. माणूस वर्षाला शंभर अर्ज वाचतो, विसरू शकतो. विसरला असं दाखवूही शकतो. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि आपण चेहरे वाचायला लागलो आहोत, याचा तिला राग आला.

"मंडळींना काही शंका?"

नियमाप्रमाणे मंडळ अर्जदाराला एक प्रश्न पाठवू शकतं. खुलाशाला पाच दिवस मिळतात. बैठकीआधी अर्धा तास तिने असा एक प्रश्न मनात घोळवला होता. ज्यांच्याकडे खरी वही असेल त्यांना उत्तर देता येईल. ज्यांनी आयता तक्ता उचलला असेल ते अडकतील.

"माझी एक शंका आहे," ती म्हणाली. "नोंदीतला 'डावा' हा खुर्चीत बसलेल्याचा डावा, की समोर बसून काम करणाऱ्या कारागिराचा? आणि नोंदवहीचं एक पान मागवावं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले परीक्षक, पेशाने हिशेबतपासनीस, म्हणाले, "बाप रे. मॅडम, तुमच्याकडे अर्ज करायची वेळ माझ्यावर न येवो."

"प्रश्न बारीक आहे," पूर्णविराम म्हणाले. त्यांनी तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, किंवा तिला तसं वाटलं. "बरं."

प्रश्न पाठवला गेला. परत येताना वाटेत एका सिग्नलला उभी असताना तिच्या लक्षात आलं की प्रश्नातच उत्तर होतं. "नोंदी कशा घेतल्या?" एवढंच विचारायला हवं होतं. आता ज्याने तक्ता उचलला असेल, त्यालाही आपण बोट धरून चुकीपर्यंत नेलं. बारा अर्ज वाचून लिहिण्यातलं बरंच उमगलं होतं, पण प्रश्न विचारणं हे वेगळं कसब निघालं.

पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी खुलासा आला. तीन वाक्यं होती. नोंदी कारागिराने खुर्चीसमोर बसून घेतल्या आहेत, त्यामुळे डावा-उजवा उलटे लागले आहेत. सुधारित तक्ता जोडला आहे. झिजेच्या कारणाचा परिच्छेद आम्ही मागे घेत आहोत. सोबत वहीच्या एका पानाचं छायाचित्र होतं, माथ्यावरचं नाव झाकलेलं.

तिने छायाचित्र मोठं करून पाहिलं. अक्षर मिस्त्रीचं नव्हतं. कोपऱ्याला वंगणाचा डाग होता, अशा वहीला असतो तसा. पानाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. तिने ते आणखी मोठं केलं. 'उजव्या हाताने ओढतात म्हणून डावा?' पुढे प्रश्नचिन्ह होतं. आणि पानावरची पहिली तारीख तिच्या मिस्त्रीने वही सुरू केली त्याच्या पाच आठवडे आधीची होती.

तारीख कुणीही, कधीही लिहू शकतं. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. पण आता दुसरीच एक गोष्ट आठवत होती. तिच्या अर्जातलं ते कारण तिचं नव्हतंच. तक्ता तयार झाल्यावर "डावाच का?" असं तिने मोठ्याने विचारलं होतं, आणि टाइप करता करता दिराने दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. तिला ते आवडलं आणि तिने ते तसंच घालायला सांगितलं. त्याला ते कुठून सुचलं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

सहाला ती जिना चढून वर गेली. दीर जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता.

"भावजी, आपल्या अर्जातलं ते उजव्या हाताचं कारण. ते तुम्हाला कसं सुचलं होतं?"

"कुठलं?"

"ब्रेकचं."

"ते होय." त्याने ब्रश बुटावर दोनदा फिरवला. "सुचलं असेल. कारणं काय झाडाला लागतात? तुम्ही विचारलंत, मी दिलं."

"कुठे ऐकलं होतंत का? कुणाच्या केंद्रात? कुणाच्या वहीत?"

"वहिनी, दीड वर्षापूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?" मग त्याने बूट खाली ठेवला. "हे कुणी विचारलंय?"

तिने जमिनीवरचा पॉलिशचा डबा उगाच सरळ केला.

"म्हणजे कुणीतरी विचारलंय."

"मला सांगता येत नाही."

"मग मलाही आठवत नाही," तो म्हणाला आणि दुसरा बूट उचलला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं तिला खाली येताना वाटलं.

गुण देण्याची शेवटची मुदत बुधवारी दुपारी बाराची होती. सकाळी तिने आपला जुना अर्ज, मिस्त्रीच्या वहीचं पहिलं पान आणि चाळीस डाव्या ब्रेकची पावती, एवढे कागद एकत्र केले. फॉर्ममध्ये 'संबंधाचं स्वरूप' असा मोठा रकाना होता. तिने आधी एक पान लिहिलं, मग ते खोडून चार ओळी केल्या. गेल्या वर्षीच्या माझ्या अर्जातला तक्ता चुकीचा होता, हे मला नंतर कळलं आणि मी ते कळवलं नाही. तो तक्ता आणि सातव्या अर्जातला तक्ता यांना दिलेलं कारण एकच आहे. माझा अर्ज टाइप करणारी व्यक्ती माझ्या कुटुंबातली असून ती आता इतर संस्थांसाठी लिहिते. कुणी कुणाचं घेतलं, हे मला माहीत नाही. घेणारी मी असू शकते.

'व्यक्तीचं नाव' या रकान्याशी ती बराच वेळ थांबली. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. तिने नाव लिहिलं.

फॉर्म अकरा वाजून बावन्न मिनिटांनी पोचला, तशी पोच आली. सातव्याच्या गुणांचा रकाना तिच्यासाठी बंद झाला. दुपारी समन्वयक बाईंचा फोन आला : अध्यक्षांनी सगळे कागद स्वतःकडे मागवून घेतले आहेत, आणि पाहणीच्या अहवालात उल्लेख असलेले त्यांचे फोटो कार्यालयाच्या नोंदीत सापडत नाहीत. तुमच्याकडे त्या भेटीची काही टिपणं आहेत का? तिने मिस्त्रीला विचारून कळवते म्हटलं. मिस्त्रीला तारीख आठवली नाही. त्या दिवशी मोठ्या मागच्या चाकाचा आरा तुटलेली खुर्ची टेबलावर होती, एवढं आठवलं.

गुरुवारी संध्याकाळी दिराला निधीच्या कार्यालयातून पत्र आलं. त्याने ते तिला दाखवलं नाही. नवऱ्याने जेवताना विचारलं, "वर काय झालंय? तो दार उघडत नाहीये." तिने सांगितलं की तिला बोलता येत नाही. नवरा म्हणाला, "घरात?" आणि पुढे जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी मंजूर अर्जांची यादी लागली. अकरांपैकी चार मंजूर, सात नामंजूर. बाराव्या ओळीत सात क्रमांक होता आणि त्यापुढे 'राखून ठेवला' असं लिहिलं होतं. तो कुणाच्या खुलाशासाठी राखून ठेवला आहे, हे यादीत दिलेलं नव्हतं.